वावर तिथंच आहे, शून्य सरकलंय: परावर्तन आणि स्थानांतरणाचा इतिहास

आकडे आले की ते कानातून निसटतात, अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार असते. म्हणून आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. जमलं तर एक कागद, शक्यतो चौकटीचा, आणि पेन जवळ ठेवा. एक त्रिकोण काढायचाय. बस, तेवढंच.

मी मूळचा धाडचा. बुलढाणा जिल्ह्याच्या कडेचं गाव, पलीकडे लगेच जालना जिल्हा लागतो. काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे गावाकडे माझी ओळख 'कॉम्प्युटरवाला' एवढीच. मग दर उन्हाळ्यात, वावरं मोकळी झाली आणि मोजणीच्या गोष्टी निघाल्या, की मला एकाच प्रकारचे स्क्रीनशॉट येतात. गटाचा जुना नकाशा, त्याच्याखाली सॅटेलाईटचा फोटो, आणि सोबत प्रश्न. यंदा चुलतभावाने पाठवलं, "दादा, नकाशा फोटोवर ठेवून पाहिला. आपला बांध शेजारच्या विहिरीवरून जातोय. म्हणजे विहीर आपली का?"

हसू येतं, पण विषय हसण्यासारखा नाही. बांधावरून भाऊ भावाशी बोलायचे थांबतात. कोर्टात तारखा पडत राहतात आणि पिढी बदलते. त्यामुळे मी सगळ्यांना आधी एकच सांगतो: जमीन सरकत नाही. सरकतं ते शून्य. म्हणजे आपण जिथून मोजायला सुरुवात केली ती जागा. आणि कधी कधी शून्य जागेवर असतं, पण डावं-उजवं बदललेलं असतं.

या दोन गोष्टींना गणितात नावं आहेत. पहिलीला स्थानांतरण म्हणतात, दुसरीला परावर्तन. नववीत निर्देशक भूमितीचा धडा होता, आठवतोय? एक्स अक्ष, वाय अक्ष, आरंभबिंदू, चार चरण. त्याच प्रतलावरचे हे दोन खेळ. फोनच्या स्क्रीनवरचा आयकॉन बोटाने ओढून दुसरीकडे नेला, की ते स्थानांतरण. आयकॉन तोच, आकार तोच, फक्त जागा वेगळी. आणि सेल्फी काढताना स्क्रीनवर टी-शर्टवरची अक्षरं उलटी दिसतात, ते परावर्तन. बिंदूच्या भाषेत सांगायचं तर (३, २) हा बिंदू उजवीकडे ४ घरं सरकवला की (७, २) होतो. आणि वाय अक्षावर आरसा ठेवला की तो (−३, २) होतो.

परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण ही वजाची खूण 'आरशाच्या पलीकडे' असा अर्थ घेऊन आली कुठून? शून्य पाहिजे तिथे सरकवायची मुभा कुणी दिली? याचा इतिहास आपल्या भागातून जातो. चला, वावरापासूनच सुरू करू.

साखळी, टिपण आणि डावं-उजवं

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. पुढच्या काळात इथं मुंबई इलाख्याच्या पद्धतीने शेतजमिनीची मोजणी झाली. हत्यार साधं होतं: ३३ फुटांची शंकू साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एक एकर. आज आपण प्लॉटच्या जाहिरातीत 'गुंठा' म्हणतो, ती त्या साखळीचीच देणगी.

मोजणीची रीत अशी: वावरात एक सरळ ओळ धरायची आणि तिच्यावरून साखळी टाकत जायचं. वाटेत एखादा कोपरा डावीकडे असेल तर ओळीपासून तिथवर काटकोनात अंतर मोजायचं, उजवीकडे असेल तर उजवीकडे. या काटकोनातल्या अंतराला लंब म्हणतात. ओळीवर किती चाललो आणि तिथून किती बाजूला गेलो, असे दोन आकडे प्रत्येक कोपऱ्यासाठी टिपणात लिहायचे.

आता बघा, हे दोन आकडे म्हणजे काय? एक्स आणि वाय! साखळीची ओळ हा एक्स अक्ष आणि लंब हा वाय. ओळीच्या डावीकडे एक चिन्ह, उजवीकडे उलट चिन्ह. टिपणात अधिक-वजा लिहीत नाहीत, लंब ओळीच्या ज्या बाजूला असेल त्याच बाजूला काढतात. पण अर्थ तोच. बाजू चुकून उलटली की वावर आरशात गेलं.

आणि दुसरी गोष्ट. प्रत्येक टिपणाचं शून्य त्या वावराच्या कोपऱ्यात आहे. गावाच्या नकाशात ही वावरं एकमेकांना जोडली, पण तो नकाशाही पृथ्वीच्या अक्षांश-रेखांशांना बांधलेला नव्हता. हद्दीच्या पलीकडे, निजामाच्या मुलखात, मोजणी करणारं खातंच वेगळं. म्हणजे गावागणिक शून्य. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पाटणचा त्रिकोण

लंब हा शब्द काही साखळीवाल्या साहेबाने आणलेला नाही. नकाशावर धाडवर बोट ठेवा आणि जवळपास सरळ पश्चिमेला जा. सुमारे शंभर किलोमीटरवर चाळीसगावजवळ पाटण लागतं, पाटणादेवीचं. तिथे एक शिलालेख आहे, इसवी सन १२०७ चा. चांगदेव नावाच्या ज्योतिषाने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. हा चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी होता. शिलालेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत. डॉ. भाऊ दाजींनी १८६५ मध्ये त्याबद्दल लिहिलं आणि तो जगापुढे आला.

ते आजोबा म्हणजे भास्कराचार्य. जन्म १११४, आणि वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्याचाच पहिला भाग 'लीलावती'.

लीलावतीत त्रिकोणाचं प्रकरण आहे. त्यात त्रिकोणाच्या पायाला 'भूमी' म्हणतात आणि शिरोबिंदूतून खाली सोडलेल्या काटकोनातल्या रेषेला 'लंब'. लंबामुळे पायाचे दोन तुकडे पडतात, त्या प्रत्येकाला 'आबाधा' म्हणतात. भूमी आणि लंब! मोजणीदाराचेच शब्द वाटतात ना?

आता पेन घ्या. भास्कराचार्यांचं एक उदाहरण आहे: त्रिकोणाच्या दोन बाजू १० आणि १७, भूमी ९. तर आबाधा किती?

रीत अशी: दोन बाजूंची बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९. भूमीने, म्हणजे ९ ने भागा. आले २१. हा दोन आबाधांमधला फरक. त्यांची बेरीज तर ९ असायला हवी, कारण भूमी ९ आहे. म्हणजे मोठी आबाधा ९ अधिक २१ चे निम्मे, १५. आणि लहान? ९ वजा २१ चे निम्मे. वजा ६.

थांबा. ९ लांबीच्या रेघेचा एक तुकडा १५ आणि दुसरा वजा ६? लांबी कधी वजा असते का?

इथे शाळेत आपण 'गणित चुकलं' म्हणून खोडलं असतं. भास्कराचार्य खोडत नाहीत. ते सांगतात की ही आबाधा ऋण आहे, आणि ऋण याचा अर्थ उलट्या दिशेला. म्हणजे लंब भूमीवर पडतच नाही. तो भूमीच्या टोकाच्या बाहेर, ६ घरं पलीकडे पडतो.

कागदावर बघा. भूमीचं डावं टोक (०, ०) ला ठेवा, उजवं टोक (९, ०) ला. वरचा कोपरा येतो (−६, ८) ला. ताळा करा: डाव्या टोकापासून ६ आडवे, ८ उभे, म्हणून बाजू १०. उजव्या टोकापासून १५ आडवे, ८ उभे, म्हणून बाजू १७. लंब ८, भूमी ९, क्षेत्रफळ ३६. सगळं चोख बसतं.

हे ११५० मधलं आहे. अक्षांची जोडी नाही, चरण नाहीत, आलेख नाही. तसा दावा मी करत नाहीये. पण रेषेवर एक टोक धरायचं, एका बाजूला धन म्हणायचं आणि उलट्या बाजूला ऋण, ही कल्पना इथे उदाहरणासह मांडलेली आहे.

माकडं मात्र वजा नसतात

याच भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात माकडांचं गणित आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा केले आणि त्याचा वर्ग केला, तर तेवढी माकडं गुहेत गेली. एक बाहेर झाडावर दिसतंय. कळप केवढा?

उत्तरं दोन निघतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, आणि एक बाहेर. बरोबर ५०. आता ५ घ्या. पाचवा भाग १, वजा ३ म्हणजे वजा २, वर्ग ४, आणि एक बाहेर. बरोबर ५. आकड्यांच्या दृष्टीने दोन्ही उत्तरं खरी.

पण दुसरं उत्तर ते घेत नाहीत. मधे 'वजा दोन माकडं' येतात, आणि अशा ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला हा भाग फार आवडतो. एकच माणूस, एकच वजा. माकडांच्या गणितात नाकारतो, त्रिकोणात स्वीकारतो. कारण वजाला स्वतःचा असा अर्थ नसतो. माकडांना उलटी दिशा नाही, रेषेला आहे. जिथे 'पलीकडची बाजू' म्हणून काहीतरी खरोखर असतं, तिथेच वजा बोलायला लागतं.

तोच त्रिकोण सरकवा, मग आरशात बघा

कागदावरचा त्रिकोण अजून आहे ना? त्याचे तीन कोपरे: (०, ०), (९, ०), (−६, ८).

समजा तुम्हाला तो वजा सहा खुपतोय. सोपा उपाय आहे, सगळा त्रिकोण ६ घरं उजवीकडे सरकवा. म्हणजे प्रत्येक एक्समध्ये ६ मिळवा. कोपरे झाले (६, ०), (१५, ०), (०, ८). वजा गायब! बाजू अजून १०, १७, ९. क्षेत्रफळ ३६. काहीही बिघडलं नाही. त्रिकोण हलवण्याऐवजी शून्याची खूण ६ घरं डावीकडे नेली असती, तरी आकडे हेच आले असते. स्थानांतरण म्हणजे हेच, चित्र सरकवा किंवा शून्य सरकवा.

आता मूळ त्रिकोण पुन्हा घ्या आणि वाय अक्षावर आरसा ठेवा. प्रत्येक एक्सचं चिन्ह उलटं: (०, ०), (−९, ०), (६, ८). मग ९ घरं उजवीकडे सरकवा: (९, ०), (०, ०), (१५, ८). इथेही वजा गायब. बाजू १०, १७, ९. क्षेत्रफळ ३६.

दोन्ही कागद शेजारी ठेवा. आकड्यांची यादी सारखी, लांबी सारखी, क्षेत्रफळ सारखं. पण एकात टोक डावीकडे झुकलंय, दुसऱ्यात उजवीकडे. कितीही सरकवा, टेबलावर कितीही फिरवा, एक दुसऱ्यावर बसणार नाही. कागद पालथा घालावा लागेल.

मग कॉम्प्युटरला हे कसं कळतं? त्याला चित्र दिसत नाही, फक्त आकडे दिसतात. युक्ती अशी: कोपरे ओळीने घ्या, पहिला, दुसरा, तिसरा. या क्रमाने हद्दीवरून चालत जाताना घड्याळाच्या उलट फिरत असाल तर क्षेत्रफळ अधिक येतं, घड्याळाच्या दिशेने फिरत असाल तर वजा. निर्देशकांवरून क्षेत्रफळ काढायचं सूत्र हे चिन्ह आपोआप देतं. आपल्या मूळ त्रिकोणाचं उत्तर +३६, सरकवलेल्याचंही +३६, आणि आरशातल्याचं −३६. आपण शाळेत ते चिन्ह पुसून '३६ चौरस एकक' लिहितो. पण आरशाचा एकमेव पुरावा त्या चिन्हातच होता.

देकार्तला वजा आवडत नव्हतं

भास्कराचार्यांनंतर पाचेकशे वर्षांनी, १६३७ मध्ये, हॉलंडमधल्या लायडनला देकार्तने भूमितीवरचा ग्रंथ छापला. आपण आज 'कार्टेशियन प्रतल' म्हणतो ते त्याच्या नावावरून. त्याच सुमारास फर्मानेही स्वतंत्रपणे तीच वाट धरली होती. वक्ररेषेचं समीकरण लिहायचं, ही झेप दोघांची, आणि मोठीच.

पण देकार्तचं पुस्तक उघडलं तर आपल्या पाठ्यपुस्तकातलं अधिकचं चिन्ह, म्हणजे दोन कायमचे आडवे-उभे अक्ष आणि चार चरण, तिथे नाही. समीकरणाच्या ऋण उत्तरांना तर तो 'खोटी' म्हणायचा. चारही चरणांत मोकळेपणाने फिरणारा माणूस म्हणजे न्यूटन. १७०४ मध्ये छापलेल्या त्रिघाती वक्रांवरच्या त्याच्या निबंधात दोन्ही अक्षांवर ऋण बाजू व्यवस्थित वापरल्या आहेत. वजा म्हणजे शून्याच्या पलीकडे. पाटणच्या आजोबांना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

मग १८७२ मध्ये जर्मनीत फेलिक्स क्लाइनने प्रश्नच उलटा केला. आकृती काय आहे हे सोडा, म्हणाला, ती हलवल्यावर काय टिकतं ते विचारा. सरकवलं तर काय टिकतं? लांबी, कोन, क्षेत्रफळ आणि डावं-उजवं. आरशात धरलं तर? लांबी टिकते, कोन टिकतो, क्षेत्रफळ टिकतं. डावं-उजवं टिकत नाही. आपण त्रिकोणावर आत्ता हेच तर केलं.

हिंगणघाट, एव्हरेस्ट आणि ३० लाख यार्ड

आता कागदावरचे अक्ष जमिनीवर कसे आले ते बघू. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने एक पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे निघाला, साधारण ७८ रेखांशाच्या आसपास. हीच भारताची महात्रिकोणमितीय मोजणी. काम अर्धवट असताना १८२३ मध्ये आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम हाती घेतलं. शिखराला ज्याचं नाव दिलं, तोच हा.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, त्यामुळे हिशेबासाठी एक चपटा गोळा गृहीत धरावा लागतो. १८३० चा एव्हरेस्टचा गोळा भारताच्या भूभागाला छान बसेल असा निवडलेला होता, आणि मोजणीचं मूळ मध्य भारतातल्या कल्याणपूरला धरलं होतं. आज जीपीएस जो गोळा वापरतं, डब्ल्यूजीएस ८४, त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळवलेला आहे. मग भारतीय गोळ्याचा मध्य कुठे होता? एका दिशेने २९५ मीटर, दुसऱ्या दिशेने ७३६ मीटर आणि तिसऱ्या दिशेने २५७ मीटर बाजूला. रूपांतराच्या तक्त्यांमध्ये हेच तीन आकडे असतात. एकूण अंतर काढा, ८०० मीटरच्या वर जातं. हे स्थानांतरणच आहे, फक्त दोनऐवजी तीन अक्षांवर.

याचा परिणाम काय? जुन्या टोपोशीटवरून धाडजवळच्या एखाद्या देवळाचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे फोनमध्ये टाकले, तर पिन शंभर मीटरपेक्षा जास्त अंतरावर पडते. देऊळ हललं नाही. टोपोशीटही चुकीचं नाही. दोघांची शून्यं वेगळी आहेत.

आणखी एक मजा. जुन्या लष्करी नकाशांवर यार्डातल्या चौकटी असायच्या. आपल्या पट्ट्याचं शून्य होतं १९ उत्तर अक्षांश आणि ८० पूर्व रेखांश. धाड साधारण ७६ पूर्वेला, म्हणजे त्या शून्याच्या चारशेहून जास्त किलोमीटर पश्चिमेला. एक्स वजा! युद्धात वायरलेसवर आकडे सांगताना कुणी 'वजा' म्हणायचं विसरलं तर तोफेचा गोळा कुठे पडेल? म्हणून त्यांनी सगळ्यांच्या एक्समध्ये ३० लाख यार्ड मिळवले आणि वायमध्ये १० लाख यार्ड. पट्ट्यात कुणालाच वजा नको. आपण त्रिकोणात ६ मिळवले होते, त्यांनी ३० लाख मिळवले.

आजच्या यूटीएम पद्धतीतही तेच आहे. आपल्या पट्ट्याची मधली रेषा ७५ पूर्व, आणि तिला शून्य न म्हणता ५ लाख मीटर म्हणतात. म्हणून धाडचा एक्स ६ लाखांच्या थोडा पुढे येतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्व्हे ऑफ इंडियाचे सर्वांसाठी खुले नकाशे याच पद्धतीवर आले.

स्क्रीनचं उलटं आकाश

सरकवण्याचं झालं. आता आरसा. तो तुमच्या हातातच आहे.

शाळेत वाय वरच्या दिशेने वाढतो. फोनच्या स्क्रीनवर तो खालच्या दिशेने वाढतो, शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात. जुन्या टीव्हीच्या काचेवर इलेक्ट्रॉनचा झोत वरून डावीकडून सुरू व्हायचा, एक ओळ, मग खालची ओळ, आपण पान वाचतो तसा. कॉम्प्युटरच्या स्क्रीनने तीच सवय घेतली.

म्हणून नकाशा दाखवणाऱ्या प्रत्येक ॲपला आतमध्ये एक हिशेब करावा लागतो. समजा स्क्रीनची उंची १०८० पिक्सेल आहे आणि एक झाड तळापासून २०० वर आहे. आधी चिन्ह उलटं करा: −२००. मग १०८० मिळवा: ८८०. झाड वरून ८८० वर काढा. आधी परावर्तन, मग स्थानांतरण. दोन ओळींचा कोड. यातली पहिली ओळ राहिली तर उत्तरेचा ओढा दक्षिणेला जातो, आणि प्रोग्राम कुठेही एरर दाखवत नाही. दाखवणार कसा? लांबी बरोबर, क्षेत्रफळ बरोबर.

मग विहीर कुणाची?

चुलतभावाच्या स्क्रीनशॉटकडे येऊ. गटाचा नकाशा फोटोवर बसवायचा म्हणजे दोन वेगळ्या शून्यांची ओळख करून द्यायची. त्यासाठी दोन्हीकडे दिसणाऱ्या पक्क्या खुणा लागतात. हद्दीचा जुना दगड, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, जुनी दगडी विहीर.

एकच खूण जुळवली तर नकाशा फक्त सरकतो, वाकडा राहू शकतो. दोन जुळवल्या तर तो फिरतो आणि लहान-मोठाही होतो. इथे बहुतेक जण थांबतात, कारण दोन्ही टोकं मस्त बसलेली दिसतात. पण दोन खुणांवर नकाशा दोन पद्धतींनी बसतो. एक सरळ आणि एक पालथा! आपल्या त्रिकोणाची भूमी आठवा. (०, ०) आणि (९, ०) ही दोन टोकं तशीच धरून वरचा कोपरा भूमीच्या खाली नेता येतो, आरसा भूमीवरच ठेवून. टोकं हलत नाहीत, पण वावर रस्त्याच्या पलीकडे जातं. आरसा पकडायला तिसरी खूण लागते, आणि ती पहिल्या दोघींच्या रेषेवर नसावी. चौथी मिळाली तर आणखी चांगलं, ताळा होतो.

एवढं करूनही फोनवर बांध ठरवू नका. उघड्या आभाळाखालीही फोनची निळी टिकली साधारण ५ मीटर इकडे-तिकडे असते. १०० मीटर लांबीचा बांध ५ मीटर सरकला तर ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ५ गुंठे. एवढ्यासाठी घरं दुभंगतात. भूमी अभिलेखवाले आता रोव्हर घेऊन येतात, त्याची अचूकता सेंटीमीटरांत असते, आणि त्यांच्या मोजणीला कायद्यात वजन आहे. फोनचा उपयोग आहे, पण प्रश्न विचारण्यापुरता. आमच्या नकाशाचं शून्य कुठे धरलंय? कोणत्या खुणांवरून बसवलाय? तिसरी खूण कोणती? मोजणीच्या दिवशी हे तीन प्रश्न विचारणाऱ्याला कुणी सहज गुंडाळू शकत नाही.

भावाला मी तेच कळवलं. त्याने नकाशा रस्त्यालगतच्या दोन कोपऱ्यांवर बसवला होता. तिसरी खूण म्हणून शिवेचा दगड घे, म्हटलं. घेतला. नकाशा सरकला, थोडा फिरला, आणि बांध विहिरीच्या अलीकडे आला. विहीर शेजाऱ्याचीच निघाली. त्यांचं-आमचं पाणी अजून एकाच पाटाने येतं.

तर मंडळी, तो त्रिकोण फेकू नका. १०, १७, ९. घरात कुणी नववीत असेल तर त्याला द्या आणि वजा सहा कुठे पडतो ते शोधायला सांगा. आणि तुमच्या गावच्या नकाशाचं शून्य कुठे आहे हे कुणा जुन्या माणसाकडून कळलं, तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.